दत्तारामाचा कान

आमच्या रायडिंग क्लबात कुणाचं वळण चुकलं की बाकीचे म्हणतात, "दत्तारामाचा कान झाला." नवीन आलेली पोरंही आठवड्याभरात हे शिकतात आणि एकमेकांवर टाकतात. ते कुठून आलं हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. बारा वर्षांत कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सरांना नाही. आईला घोड्यांतलं काय कळणार, असं म्हणून तिलाही नाही. पण खरं तर यात घोड्यांतलं कळण्यासारखं फारसं नाहीच.

मी सरळ बोलणारी बाई आहे, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. हे मात्र सरळ येत नाही — थोडं फिरून यावं लागेल.

माझं गाव संगमेश्वर तालुक्यात, आत, घाटाच्या बाजूला. वडील मुंबईला हॉटेलात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवीचा कागद आईने काच लावून पडवीत टांगलाय, दारातून आत येणाऱ्याला आधी तो दिसतो. याचा मला अभिमान होता, आजही आहे. इंग्रजी मला फुकट आलं नाही. हॉस्टेलच्या गच्चीवर मोठमोठ्याने वाचून, चारजणींचं हसणं ऐकून आलं. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. त्या दिवशी माझ्या तोंडात काय होतं, ते कळावं म्हणून सांगतेय.

क्लब आमच्या सरांचा. सर घोडदळातून निवृत्त झालेले. रत्नागिरीबाहेर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, त्यांनी एक जुनी काजूची बाग भाड्याने घेतली, कातळावर रेती पसरून मैदान केलं आणि रेसकोर्सवरून निकालात निघालेले पाच घोडे आणले. मी तिथे आले ती पत्रं लिहायला. बाहेरच्या क्लबांशी पत्रव्यवहार इंग्रजीत, आणि सरांचा हात बंदुकीवर बरा, लेखणीवर नाही. पत्रं लिहिता लिहिता घोड्यावर बसले. चोविसाव्या वर्षी. गावाकडे अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

सर ड्रेसाज शिकवायचे. ड्रेसाज म्हणजे घोडा पळवणं नाही. आखलेल्या मैदानात, ठरलेल्या जागी, ठरलेली चाल — आणि घोडा इतका मुकाट ऐकतो की बघणाऱ्याला वाटतं, वर बसलेला काही करतच नाही. प्रत्येक हालचालीला परीक्षक दहापैकी गुण देतो. मैदानाच्या कडेला ठोकळ्यांवर इंग्रजी अक्षरं असतात. ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ — या क्रमाने का, ते सरांनाही सांगता येत नव्हतं. 'सी ला डावीकडे', 'ई पाशी वर्तुळ' असा सगळा मजकूर. तो पाठ करायचा, नाहीतर दोरीबाहेर उभं राहून कुणीतरी मोठ्याने वाचायचा आणि स्वाराने ऐकत जायचं.

आता दत्ताराम. दत्ताराम आमचा मोतद्दार. घोड्यांचं दाणापाणी, खरारा, सगळं त्याच्याकडे. मूळ गुहागरकडचा. आधी किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवायचा. शाळा चौथीपर्यंत. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरेतुरे करायचे. सगळेच करायचे. तो मला 'बाय' म्हणायचा.

आणि आमच्यात सगळ्यात चांगला स्वार तोच होता. चांदणी नावाची एक घोडी होती, तांबडी, भित्री, कपाळावर पांढरा ठिपका. माझ्याखाली ती मान ताठ करायची. त्याच्याखाली पाण्यासारखी चालायची. हे मी आज लिहितेय. तेव्हा बोलले नसते.

त्याला अक्षरांची अडचण होती. एकदा तो सरांना म्हणाला, "सगली सारकीच चिरकतात, सर. बी काय, ई काय नि सी काय. झाडांची नावां द्या. मी इसरलो तर घोडी इसरनार नाय."

सर हसले, पण त्यांना ते पटलं. ए म्हणजे आंबा, के काजू, ई एरंड, एच हिरडा. सी चिंच, एम माड, बी बोर, एफ फणस. मैदानाच्या मधोमध एक्स असतो, त्याला झाड सुचेना. दत्ताराम म्हणाला, "खळ्याच्या मधी काय आसता? तुळस." अंगणात असते तशी मधोमध, झालं. ठोकळ्यांवर चित्रं आली. मिऱ्या गावाकडची पोरं, बँकवाल्यांची पोरं, सगळी झाडांवर शिकली. मला अक्षरं येत होती, मला झाडांची काय गरज? पण पाठ करताना माझ्याही डोक्यात झाडंच यायची. हे मी कुणाला कळू दिलं नाही.

त्या वर्षी सरांनी छोटी स्पर्धा ठेवली. पुण्याहून एक क्लब आला, परीक्षकही तिकडचेच; त्यांच्यापुरती ठोकळ्यांवर चित्रांखाली खडूने अक्षरं काढली. आणि सरांनी आम्हा दोघांना आधीच सांगून ठेवलं होतं — मला आणि दत्तारामला — की दोघांत जो जास्त गुण घेईल त्याला सहा महिन्यांच्या प्रशिक्षक अभ्यासक्रमाला पाठवणार. परत आला की क्लबाचा शिक्षक तो. सर थकले होते, त्यांना क्लब कुणाच्या तरी हाती द्यायचा होता. दत्ताराम गेला असता तर 'ए दत्त्या, पाणी दाखव' म्हणणारे लोक त्याला सर म्हणणार होते. त्याला हे कळत होतं. बायकोकडून त्याने नवा पांढरा सदरा शिवून घेतला होता.

मजकूर वाचणार कोण? मीच. दुसरं होतं कोण? सरांना जरा अवघड वाटलं, त्यांनी त्याला विचारलंही. तो म्हणाला, "बाय वाचील की." सर मला म्हणाले, "त्याला झाडंच वाच हां." मी मान हलवली.

माझी फेरी आधी झाली. बरी झाली, फार बरी नाही. चांदणी दोनदा मान ताठ करून गेली.

मग तो, त्याच घोडीवर. दोरीपाशी मी कागद घेऊन उभी. माझ्या शेजारी पुण्याच्या क्लबातल्या दोन बायका, चकचकीत बूट, हातमोजे. आमची पोरं तबेल्यापाशी, सर पलीकडच्या मैदानात पुढचा घोडा गरम करत होते. दुपारचं वारं सुटलेलं. मी वाचायला लागले — आंब्यापासून आत, दुडकी. तुळशीवर थांबा, सलामी. चिंचेला डावीकडे.

त्यातली एक दुसरीला म्हणाली, "अगं, ही स्पर्धा आहे की बागायत?"

दोघी हसल्या. वाईट हसणं नव्हतं. कुणीही हसलं असतं. पण मला ते गच्चीवरचं हसणं ऐकू आलं. यांना वाटलं असेल का, की हिला अक्षरंच येत नाहीत?

पुढची ओळ मी इंग्रजीत वाचली. स्वच्छ, हॉस्टेलच्या गच्चीवर कमावलेल्या उच्चारांत. "ई पाशी वीस मीटरचं वर्तुळ" याऐवजी कागदावर होतं तसं, पूर्ण इंग्रजी वाक्य. शेवटी 'ई'.

त्याची मान किंचित उचलली गेली. ते मी पाहिलं. घोडी एरंडापाशी आली आणि सरळ पुढे गेली. त्याला बी ऐकू आलं असणार. परीक्षकांनी घंटी वाजवली. पहिली चूक.

तेव्हा परत झाडांवर यायला मला काय झालं होतं? एक शब्द होता. एरंड. तीन अक्षरं. पण त्या बायका आता हसत नव्हत्या, एकीने माझ्याकडे वळून पाहिलंही होतं — चांगल्या नजरेने. मी पुढचं वाचलं. एम, एक्स, के. दुसरी घंटी.

तीन घंट्या झाल्या की स्वार बाद; मधेच थांबून राहिलं तरी घंटी. हे मला माहीत होतं, त्यालाही. तिसऱ्या वेळी त्याने चूक केलीच नाही. अक्षर ऐकून तो नुसता थांबला. मधोमध, तुळशीवर, घोडी चारी पायांवर चौकोनी उभी करून, आणि माझ्याकडे तोंड वळवून वाट बघत राहिला. रागाने नाही. हाक मारली आणि ओ यायची आहे, तसा. मी कागदाकडे पाहिलं आणि तेच अक्षर पुन्हा वाचलं. मोठ्याने.

घंटी वाजली.

पहिल्या घंटीला मला लाज होती, एवढं मी मानते. तिसऱ्या घंटीला लाज नव्हती. तोवर मला हिशेब कळला होता — तो बाद झाला तर मी जाणार. मी विचार करून वाचलं का? इतकी वर्षं मी स्वतःशी म्हणत आले, नाही, ओघात गेलं. ओघात नाही गेलं. मी त्याचं तोंड पाहिलं होतं.

आमच्या खेळात एक नियम आहे. वाचणाऱ्याने चुकीचं वाचलं तरी चूक स्वाराचीच धरतात. त्या नियमाआड मी बरेच दिवस बसून काढले. पण मी चुकीचं कुठे वाचलं होतं? अक्षर न अक्षर बरोबर होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित हे लिहिलं नसतं. सर तबेल्याकडे धावत आले. दत्ताराम चांदणीच्या खोगिराचा तंग सोडत होता, पाठमोरा. सरांनी मला विचारलं, "झाडंच वाचलीस ना?"

"हो सर. झाडंच वाचली. वारा होता, ऐकू गेलं नसेल."

हे मी त्याच्यापासून चार हातांवर उभी राहून बोलले.

त्याचा हात थांबला. मग त्याने तंग ओढून काढला, खांद्यावर टाकला आणि वळून म्हणाला, "व्हय सर. झाडांच वाचलीन बायनं. माजाच कान गेला."

सर त्याला कधी टोचून बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले. "घोडीने वर्षभर तुझं ऐकलं, तुला एक दिवस ऐकता येईना?" तो सदऱ्याची बाही वर करून घोडीला पाणी दाखवायला गेला.

का बोलला तो तसं? मला विचारता आलं असतं. पण विचारायचं तर आधी कबूल करावं लागतं, म्हणून नाही विचारलं.

मी गेले. सहा महिन्यांनी शिक्षक होऊन परतले. पहिल्याच महिन्यात मी ठोकळ्यांवरची झाडं पुसून घेतली आणि अक्षरं लिहून घेतली. मुलांना बाहेरच्या स्पर्धांना जायचंय, अक्षरं यायलाच हवीत, असं पालकांना सांगितलं. ते खरंही होतं. खऱ्याआड लपायला सोपं जातं. रंग दत्तारामनेच दिला. फणसाच्या ठोकळ्याला तीन हात द्यावे लागले, खालून हिरवा दिसत राहायचा. तो म्हणाला, "बाय, यो काय जाईत नाय." मी म्हणाले, "आणखी एक हात दे."

त्यानंतर तो स्पर्धेला उतरला नाही. सरांनी दोनदा विचारलं. "आता वय झाला," म्हणाला. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. चांदणी पुढे मला मिळाली. ती माझ्याखाली शेवटपर्यंत मान ताठच करायची.

'दत्तारामाचा कान' हे सरांनी गमतीत सुरू केलं. ते आता नसतात इथे, मुलाकडे असतात. पण शब्द राहिला. गेल्या पावसाळ्याआधी एक मुलगी सारखी वळण चुकवत होती आणि माझ्या तोंडून गेलं, "काय गं, दत्तारामाचा कान झाला काय तुझा?" मी, माझ्या तोंडाने. तो शेजारीच लगाम धरून उभा होता. पोरं हसली. तो सगळ्यांच्या आधी हसला.

परवा नवऱ्याने सहज विचारलं, तुमच्या त्या मोतद्दाराला ऐकायला कमी येतं ना? मी म्हणाले, हो, थोडं.

तो आता चोपन्न वर्षांचा आहे. मी सकाळी साडेसहाला क्लबात येते. सड्यावर चढणारा रस्ता खाली खाडीपासून तीन वळणं घेत येतो आणि वारं उलट्या दिशेने असतं. पाच घोड्यांच्या फुरफुरण्यात, बादल्यांच्या आवाजात तो काम करत असतो. माझी स्कूटर पहिल्या वळणावर असते तेव्हाच त्याला ती ऐकू येते. रोज मी वर पोचते तेव्हा दत्ताराम फाटक उघडून उभा असतो.