दगड आणि माती यांमधली रेघ

मास्तर पेन्सिलीला दोन्हीकडून टोक करायचे. चहा बशीत ओतून विसरून जायचे. बेरीज एकदा वरून खाली करायचे, एकदा खालून वर. चुकलेला आकडा खोडायचे नाहीत. त्यावर बारीक रेघ मारायचे. चूक वाचता आली पाहिजे, म्हणायचे.

यज्ञेश्वर मास्तर महाडच्या शाळेत गणित शिकवत. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला त्यांचा शेजारी. त्यांचा जुना विद्यार्थी सयाजी मुंबईत इंजिनिअर आहे. यंदा, १९६७ साली, उमरठजवळच्या उतारावर माती अडवायला दगडी भिंत बांधायची ठरली. सयाजीने भिंतीचे आणि मागच्या मातीचे कागदावर त्रिकोण पाडले. कोणता कोपरा किती सरकेल, हे मुंबईच्या गणकयंत्राने काढलं. त्यावरून ताण कुठे किती, हे मास्तरांनी हाताने काढून रंगवायचं होतं, जास्त ताणाला गडद रंग.

"छपराच्या दोन पाखी आढ्यावर जुळतात," त्यांनी मला समजावलं. "फट नसते. पण उतार एकदम बदलतो. या त्रिकोणांचं तसंच आहे. कडा जुळूनच सरकतात, पण ताण कडेला एकदम बदलतो."

म्हणून प्रत्येक त्रिकोणाचा रंग वेगळा आला. रंग प्रत्येक कडेला तुटत होता. मी म्हणालो, गोधडीसारखं दिसतंय. ते हसले. मग त्यांनी प्रत्येक कोपऱ्यावर भोवतालच्या त्रिकोणांची सरासरी काढली आणि रंग एकमेकांत मिसळले. चित्र देखणं झालं. मुंबईला गेलं.

भिंतीच्या जागेच्या खालच्या अंगाला शेतकरी हैबतीचं घर. बाजाराला आला असताना त्याने मास्तरांकडची चित्राची नक्कल बराच वेळ पाहिली.

"मास्तर, दगड कुठं सपला नि माती कुठं लागली, ह्यात दिसत नाय. आमी बांध घातला की तिथंच हात लावून बघतो. फुटतो तो तिथंच."

मास्तरांनी चित्र पुन्हा पुढ्यात ओढलं. हैबती गेल्यावर मला म्हणाले, मातीतल्या मातीत सरासरी चालते. तिथली तूट, म्हणजे रंगाचं तुटणं, आपल्या मोठ्या त्रिकोणांमुळे असते. दगड आणि माती यांमधली तूट खरी असते. ती त्यांनी पुसली होती, आणि तिच्याबरोबर मातीतला सगळ्यात मोठा ताण. लगेच सयाजीला लिहिलं, भिंत सुरू करू नकोस, नवं चित्र पाठवतो.

गोधडी म्हटल्याबद्दल मी माफी मागितली.

"शब्द तुझा होता. आकडे माझे होते," ते म्हणाले.

गेल्या गुरुवारी मास्तर शाळेच्या पायरीवर बसले, ते उठले नाहीत.

काल सयाजीचं पत्र आलं. त्याला अजून काही कळलेलं नाही. काम थांबवलंय, चित्राची वाट पाहतोय, असं लिहिलंय.

चित्र त्यांच्या टेबलावर आहे. दगडाची बाजू रंगवून झाली आहे. मधली रेघ जाड, काळी आहे. पलीकडे, मातीतले तीन त्रिकोण कोरे आहेत.