श्रीपादरावांचे इंजिन आणि गणपतीची भिंत

सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर श्रीपाद तेंडोलकर यांनी वाफेच्या इंजिनाची वीतभर लांबीची पितळी प्रतिकृती घडवली. तिला हात लावण्याची मुभा कोणालाही नव्हती. बॉयलरवरचे रिवेट ते भिंगातून दाखवत. चाकांना जोडणारे दांडे खरोखर हलत, शिटी वाजे, मागच्या डब्यातला कोळसाही खरा, चाळणीने चाळलेला. या इंजिनासाठी त्यांनी मालवणातल्या राहत्या घराच्या माजघरात सह्याद्री उभारला, त्याला बोगदा पाडला आणि पायथ्याशी वैभववाडीचे स्थानक वसवले. वैभववाडीवरून जाणारा लोहमार्ग मुळात डिझेलच्या काळात झाला, मग त्यावर वाफेचे इंजिन कोठून आले, असे पुतण्या सर्वेशने विचारले, तेव्हा त्याला कलेच्या स्वातंत्र्यावर व्याख्यान ऐकावे लागले. दुसऱ्यांच्या प्रतिकृतीत एक रिवेट कमी असला तर पत्राने कळवणारा हा गृहस्थ स्वतःच्या बाबतीत असा उदार होता.

सह्याद्री ज्या भिंतीला ठोकला होता ती गणपतीची भिंत. चतुर्थीपूर्वी ती रंगवायची, पुढे पाट मांडायचा, वर फळाभाज्यांची माटवी टांगायची, हा घराण्याचा क्रम. श्रीपादरावांनी जाहीर केले की यंदा गणपती पडवीत बसेल, कारण डोंगर हलवला तर रुळांची पातळी बिघडेल. देव सर्वव्यापी असल्याचा दाखलाही त्यांनी दिला. रूळ सर्वव्यापी नसल्याने त्यांना ही तडजोड लागू नव्हती.

पत्नी आनंदीबाई लग्न होऊन आल्यापासून ती भिंत स्वतः रंगवत. त्या घरात त्यांचे म्हणून ओळखले जाणारे काम तेवढेच.

“तुमचो डोंगर थंय ऱ्हवतलो, तर माझो गणपती खंय बसतलो?” त्यांनी विचारले.

“आनंदी, भावनेच्या आहारी जाऊ नकोस. तांत्रिक बाजू समजून घे,” श्रीपादराव म्हणाले. घरातही ते कचेरीचेच मराठी बोलत.

आनंदीबाईंनी थोरले दीर दाजी यांच्या कानावर हे घातले.

मूर्ती घडवणाऱ्या शाळेत मूर्तीखालचा घरचा पाट पोचवायच्या दिवशी दाजींनी देवघरापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. गप्प राहणारा देवासमोर घरापासून वेगळा पडतो. हात जोडून पुढच्या रांगेत उभे राहण्याची संधी श्रीपादराव कधीच सोडत नसत.

“बा देवा म्हाराजा, आज घरचो पाट शाळेत जाता हा.”

“व्हय म्हाराजा.”

“तुझी मूर्ती वाडवडलांच्या जाग्यारच बसांदे.”

“व्हय म्हाराजा.” सवयीने सर्वांत मोठा आवाज श्रीपादरावांचाच होता.

“आणि थंय ज्येना डोंगर आणून ठेवलो हा, त्येका तो उद्या सकाळी आपल्याच हातान काढूची बुद्धी दी.”

सगळ्या घराने होकार दिला. एक आवाज कमी पडला. दाजी पुढचे वाक्य घेईनात.

“श्रीपाद, देवाक आयकाक इला नाय रे.”

“व्हय म्हाराजा,” श्रीपादराव म्हणाले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी स्वतः स्क्रू काढले. थर्माकोलचा सह्याद्री परसातल्या लाकडांच्या खोपीत गेला, इंजिन कपाटात. चतुर्थीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगत होते की श्रद्धेपुढे आपण कलेचा त्याग केला. आनंदीबाईंनी तोवर स्क्रूंची भोके बुजवून भिंतीवर कमळे काढली होती. नवऱ्याचे बोलणे त्यांनी चालू दिले.