मानेतली चार मिलिमीटरची गाठ

मंडळी, आज दुपारपासून कानात आमच्या गिरणीच्या साचेखात्यातल्या मागांचा खडखडाट घुमतोय. संपात माग थांबले, पुढे गिरणीही गेली. आवाज तेवढा राहिला.

निमित्त 'गाठ' या शब्दाचं. मुलाने हौसेने आईसाठी तपासण्यांचं पॅकेज घेतलं. सोनोग्राफीत थायरॉइडवर चार मिलिमीटरची गाठ निघाली. लॅबवाले म्हणाले, सुई घालून तपासून घ्या. झालं! चार दिवस हिचा हात मानेवरून निघेना, धड जेवलीही नाही. शाळेतल्या पाठ कविताही म्हणून पाहिल्या, पण हिला धीर येईना.

आज परळच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट नीट वाचले. "काकू, रक्त नॉर्मल आहे. गाठ साधी दिसतेय, अशा पुष्कळांना असतात. सुई नको, वर्षाने पुन्हा बघू."

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "पण गाठ आहेच ना?"

"अगं, तुटल्या धाग्यांना मी जन्मभर गाठी मारल्या. बारीक गाठ मागाच्या फणीतून सुटली, की आमचा मुकादम, जॉबरसुद्धा तिला हात लावायचा नाही. उकरलं तर कापड बिघडायचं."

"म्हणजे मी तुमचं मांजरपाट का?" आणि ही चक्क हसली.

घरी येऊन तिने बांगडे तळले. पहिला घास घेतला आणि बेल वाजली. दारात लॅबची बॅग घेतलेली एक मुलगी.

"आजींचं रक्त घ्यायचंय. तुमच्या मुलाने कॅन्सरच्या टेस्ट बुक केल्यात."

हिचा हात पुन्हा मानेवर गेला.

पोराची काळजी खोटी नाही हो. पण तुम्हीच सांगा, दारातल्या या लेकीला रक्त द्यावं, की गरम बांगडा?