बरणीतलं फूल

या, अशा जवळ सरकून बसा. आणि आधी तो 'बिचारी' शब्द गिळून टाका बरं. आमच्या शेजारच्या बाईंबद्दल बोलायचं तर तो चालत नाही. निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहायच्या, म्हणून कुणी तसं म्हटलंच, तर चष्मा नाकावर खाली ओढून बघायच्या आणि म्हणायच्या, "बिचारी गाय रायते. मी बाई आहो."

आमच्या अमरावतीत उन्हाळ्यात प्यायचं पाणीसुद्धा जपून वापरतो आम्ही, आणि बाईंनी बैठकीत समुद्र मांडला होता. काचेची मोठी पेटी, मिठाचं पाणी, त्यात मासे आणि जिवंत पोवळी. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "बाई, अंगठीत केव्हा बसवता?" लाइट गेली की इन्व्हर्टर पेटीसाठी, आणि बाई स्वतः पदराने वारा घेत बसलेल्या. माझ्या फ्रिजमध्ये भाजीला जागा नसे, कारण पाणी गार ठेवायला पेटीत तरंगवायच्या बर्फाच्या बाटल्या तिथे. आमचे हे म्हणायचे, "देवाले सांगा, पुढच्या जन्मी मले बाईची मासोळी कर."

सगळ्यांत लाडकं एक गुलाबी पोवळं. नखाएवढा तुकडा कुणीतरी दिलेला. या छंदातली रीतच तशी, आपलं वाढलं की तुकडा तोडून दुसऱ्याला द्यायचा. बाईंनी तो फुटक्या कपाच्या कानावर चिकटवला आणि वाढवत वाढवत फुलकोबीच्या गड्ड्याएवढा केला.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यात असताना घराची किल्ली धाकट्या भावाकडे होती. तो अकोल्याचा. बाई घरी आल्या तर गुलाबी पोवळं जागेवर नाही. भाऊ म्हणाला, "ताई, पांढरं पडलं ते. मेलं. फेकलं मी." बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पुढे अकोल्यात भावाच्या नव्या बंगल्याची वास्तुशांती निघाली. बाईंसोबत मीही गेले. हॉलमध्ये भिंतभर पेटी, आणि मधोमध ते गुलाबी पोवळं. खाली कपाचा निळ्या रेघेचा कान स्पष्ट दिसत होता. भाऊ पाहुण्यांना सांगत होता, "या हातानं वाढवलं साहेब, लेकरासारखं!" बाईंनी बुंदी दोनदा वाढून घेतली. परतीच्या एसटीत मात्र खिडकीकडे बघत म्हणाल्या, "सोडणार नाही मी त्याले."

"अहो, सरळ मागून घ्या ना," मी म्हटलं.

"मागू काहून? मंग तो मोठ्या मनानं देईन, अन् लोक म्हणतीन, भाऊ किती चांगला!"

आता ऐका. पोवळ्यांच्या दगडावर कधीकधी एक तपकिरी फूल उगवतं. नाजूक, झिरमिळ्यांचं. दिसायला फूल, पण तो जीव असतो. शेजाऱ्याला डंख करून मारतो, आणि तोडला तर तुकड्या-तुकड्याचा नवा होतो. पोवळी पाळणारे ते दिसलं की घाबरतात. बाईंच्या पेटीत असं एक निघालं, ते त्यांनी दगडासकट लोणच्याच्या बरणीत वेगळं ठेवलं आणि रोज सुकट चारली. मला बोलावून दाखवायच्या, "पाहा, कसं बाळसं धरून राहिलं." माझ्या अंगावर काटा यायचा. आणि मजाही वाटायची, कशाला लपवू?

भाऊबीजेला आम्ही दोघी अकोल्याला. भाऊ अंघोळीला गेला. मी वहिनीला स्वयंपाकघरात अनारशाचं पीठ का बिघडतं ते विचारत अडकवून ठेवलं. तेवढ्यात बाईंनी गुलाबी पोवळ्याचा शेंडा कापून त्याच पेटीच्या पाण्यासकट स्टीलच्या डब्यात घातला. मग भावाला ओवाळलं आणि बरणीतला दगड पुढे केला. "यंदा ओवाळणी माझ्याकडून."

"ताई, फूल! नाव काय याचं?"

"ठेव तं खरं. कळेल आपोआप."

भावाला ओळखू येणार कुठून? त्याची पेटी नागपूरचा एक माणूस येऊन साफ करून जायचा. परतताना मूर्तिजापूर मागे पडलं तरी बाईंनी डबा मांडीवरून हलू दिला नाही.

मग फोन सुरू झाले. "ताई, एक तोडलं तं दहा झाले वं!"

"मारू नको रे. जीव आहे त्याच्यातही," बाई म्हणायच्या, आणि फोन ठेवून चहा टाकायच्या. साखर जरा जास्त.

उन्हाळ्यापर्यंत भावाची पेटी ओसाड झाली. कपाच्या कानावरचं पोवळंही मेलं. ते कळलं तेव्हा बाईंनी फोन ठेवला, पण चहा टाकला नाही. मग म्हणाल्या, "माह्यंच होतं ते. पण त्याच्या घरात मिरवण्यापरीस बरं."

डब्यातला शेंडा जगला. बाई मात्र गेल्या. जायच्या आधी पेटी त्यांनीच माझ्याकडे हलवून घेतली होती. मध्यंतरी भाऊ आला. काचेपुढे उभा राहून रडला, खरंखुरं. "काकू, एक तुकडा द्या. ताईची आठवण." मी त्याला बसवून जेवू घातलं. वांग्याची भाजी आग्रहाने वाढली. तुकडा दिला नाही, आणि मला वाईटही वाटलं नाही.

तुम्ही मात्र पुन्हा या. पोवळं इतकं वाढलंय की पेटीत मावत नाही. ऊन तापायच्या आत या, घट्ट झाकणाचा डबा घेऊन या, वाटेल तेवढा तुकडा न्या. कोणत्या गावाला नेता, एवढं फक्त मी विचारणार.