पोपटी भिंत

चहा आधी पिऊन घ्या. मी काय करून बसलो ते ऐकल्यावर या घरचा चहा तुम्हाला गोड लागेल असं वाटत नाही.

माझी भाची पल्लवी. पुण्यात सिनेमाचं शिकली आणि स्वतःचा सिनेमा काढायला आमच्या गावी, मोताळ्याजवळ आली. सिनेमा म्हणजे काय, तर मित्राकडून मागून आणलेला कॅमेरा, तिच्यासोबतची तीन पोरं, आणि नटनट्यांच्या जागी घरचेच लोक. मुख्य बाई कोण? माझी बायको, आमची सुमन! मला काम नव्हतं. "मामा, तुम्ही फक्त मधात येऊ नका," पोरगी म्हणाली. तेवढंही जमलं नाही बघा.

गोष्ट साधी. पोरगा शहरात जातो, परत येत नाही, आई वाट पाहते. जवळपास सगळा सिनेमा आमच्या स्वयंपाकघरात झाला. मग मित्रानं कॅमेरा परत मागितला आणि काम थांबलं. शेवटचा प्रसंग राहिला, त्यासाठी कॅमेरा एका दिवसापुरता पुन्हा मिळणार होता. मधल्या काळात सुमन जळगाव जामोदला माहेरी लग्नाला गेली आणि घरात मी एकटा उरलो.

एकटा पुरुष घराचा विचार करायला लागला की घात झालाच समजा. स्वयंपाकघराची भिंत पाहिली. धुरानं काळी, पोपडे आलेली, वर कोळशाच्या रेघोट्या. म्हटलं, उद्या सगळे सोयरे हे पडद्यावर बघणार आणि माझं नाक कापलं जाणार. साधा पाहुणा यायचा तरी आपण चुना मारतो, इथं तर कॅमेरा येणार होता. बाजारातून ऑइलपेंट आणला. पोपटी. दुकानदार म्हणाला, फोटोत उठून दिसते.

दुसरा हात मारून झाला आणि पल्लवी आणि तिच्या पोरांची गाडी दारात आली. येताना त्यांनी सुमनलाही माहेराहून घेतलं होतं. मी ब्रश हातात घेऊन दारात उभा, शाबासकीची वाट बघत.

पल्लवी आत आली आणि खालीच बसली.

"मामा, हे काय केलं?"

"रंग देल्ला. चांगलं दिसलं पाह्यजे ना."

"आधीच्या सगळ्या सीनमधी भिंत काळी हाय. आता काय करू मी? कॅमेरा आज संध्याकाळी वापस द्या लागते."

"मंग धूर करू का? चुलीत ओली लाकडं घालतो, आत्ता काळी होते."

"मामा, हात जोडते. आता काहीच करू नका."

तेवढ्यात सुमन आत आली. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. ती नुसती भिंतीपाशी गेली. "अहो, आपल्या संदीपच्या रेघा कुठी गेल्या?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दर पोळ्याला आमच्या पोराला भिंतीला टेकवून ती कोळशानं त्याची उंची आखायची. पोरगा आता पुण्याला, नोकरीत, दिवाळीला आला तर आला. त्या रेघा पाहूनच पल्लवीला सिनेमा सुचला होता. हे घरात सगळ्यांना ठाऊक. बापाला तेवढी ती घाण वाटली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुमन ओल्या रंगावर बोटं फिरवत रेघा शोधत होती आणि मी मान खाली घालून दारात उभा. पल्लवीनं कॅमेरा कधी सुरू केला, आम्हा दोघांनाही कळलं नाही.

तोच तिनं शेवट ठेवला.

मोताळ्याला शाळेच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. मी अगदी मागं, अंधारात बसलो. पडद्यावर सुमनची बोटं पोपटी झाली आणि बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. शेजारी एक अनोळखी माणूस होता. तो माझ्याकडे वाकून म्हणाला, "कोण हाय बे हा दारातला? बाईच्या लेकराच्या रेघा पुसल्या, अन् वरून ब्रश घेऊन उभा हाय."

"बेअक्कल हाय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"पण काम भारी केलं राजा त्यानं. शरम कशी तोंडावर दिसून राह्यली."

मग नावं यायला लागली आणि दिवे लागले. माझ्या भाचीनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'कलादिग्दर्शन : गजाननमामा'. सगळा हॉल मागं वळून माझ्याकडे बघायला लागला.

शेजारच्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि उठून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला.