हॅनाबाईच्या विहिरीची पहिली घागर

भर उन्हाळ्यात, तेही दुष्काळी वर्षात, बीडला फिरायला कोण जातं? नवऱ्याने हेच विचारलं. पण माझ्या लेकीची अमेरिकेतली घरमालकीण बार्बरा एक्क्याऐंशी वर्षांची आहे आणि तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. तिच्या पणजीची बहीण हॅना एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळात मिशनबरोबर इकडे आली. लोकांच्या हाताला काम म्हणून तिने विहीर खोदवली, सोना नावाची एक अनाथ पोर लेक म्हणून सांभाळली. आजारपणामुळे हॅनाला परत जावं लागलं, पोर इथेच राहिली. पुढे हॅनाने मिशनला पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी (नकला बार्बराकडे आहेत) एकच प्रश्न असे: तिला पाणी मिळतं का? उत्तर कधीच आलं नाही. बार्बराला तेच हवं होतं.

पुण्याहून पहाटेची एसटी धरली (बायकांना अर्धं तिकीट, विसरू नका). बीडला गाडी बदलून नेकनूर, तिथे चहा, मग केजच्या रस्त्याला काळी-पिवळी जीप. पाण्याच्या दोन बाटल्या जवळ ठेवाच. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या मंडळींनीच नको म्हटलंय.

अनोळखी गावात माणूस शोधायचा तर दूध संस्था गाठावी. चाऱ्याअभावी निम्मे कॅन रिकामे होते, तरी चेअरमन नारायणराव उत्साहाने माझ्याबरोबर निघाले. ती पोर लहानपणीच गेली असणार, असं मी मनाशी धरूनच आले होते, म्हणून आम्ही दोन तास बाभळीत कबर शोधली. काही सापडलं नाही. त्यांच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली, फार चविष्ट, पण माझं मन खट्टू झालं होतं.

चारला टँकर आला आणि हॅनाच्या विहिरीत रिकामा झाला. काठावर घागरींची रांग लागलेली. बार्बराला फोटो पाठवावा म्हणून मी एक घागर उचलून दोर सोडायला गेले, तर एका बाईने माझं मनगट धरलं.

"थांबा ताई. पहिली घागर सुमनआजीची हाय."

बौद्ध वस्तीतून एक म्हातारी सावकाश येत होती. कुणीही तिला घाई केली नाही. मला एकदम लाज वाटली. बार्बराने पाठवलेल्या, माझ्या पर्समधल्या पत्रात हॅनाने हेच लिहिलं होतं: विहीर सगळ्यांची, पण पहिली घागर माझ्या लेकीच्या घरची, असं गावाकडून वदवून घेतलंय. लेक अस्पृश्य मानलेल्या घरातली, म्हणून हा शब्द. मी तो वाचला होता आणि कोण पाळणार म्हणून सोडून दिला होता.

घागर भरून झाल्यावर मी आजींना पत्र वाचून दाखवलं.

"सोनाई. माझी आजेसासू ती," आजी म्हणाल्या. "मडम गेली तवा गावानं पाणी बंद केलतं. सोनाई रिकामी घागर घेऊन दोन दिस हितंच बसली. पहिली घागर मिळाल्याबिगर उठलीच न्हाई."

"बंद करणारे आमचेच पणजोबा," नारायणराव हळूच म्हणाले. आजींनी मान हलवली. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातलं लई बदललं, पाण्याची पाळी तेवढी तीच राहिली, असं त्यांनी सांगितलं.

पुण्याला पोचून बार्बराला फोन केला. सोना जगली, आजेसासू झाली, हे ऐकून ती रडली. मग तिने हॅनाचाच प्रश्न विचारला.

"मिळालं," मी म्हटलं. "पण हॅनाच्या शब्दाने नाही. सोनाने स्वतः बसून मिळवलं."

बार्बरा म्हणाली, थांब, पेन आणते. तिला ते हॅनाच्या शेवटच्या पत्राखाली लिहून ठेवायचं होतं.