लाटेला ब्रेक लावणारी नीला

गोष्टींचं वाळत घातलेल्या बोंबलांसारखं असतं. वलांडीच्या बांबूवरचा एक काढायला हात घालावा, तर शेजारचे चार गळून पदरात पडतात. परवा नातीने सहज विचारलं, "आजी, आपल्या धक्क्यावर तो गंजलेला लोखंडी दांडा कसला गं?" एवढंच विचारलं हो! तिचा चहा गार झाला, तरी माझं आपलं चालूच.

तो दांडा मशीनचा. समुद्राच्या लाटेपासून वीज करायच्या मशीनचा. गावात पहिला रंगीत टीव्ही आला ना, त्याच्या जरा मागचीपुढची ती वर्षं. मुंबईच्या एका कॉलेजातले देवधर सर आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची विद्यार्थिनी नीला. अंगाने काडी, पण आवाज असा की बाहेरच्या होडीला ऐकू जावा. धक्क्याला लागून आमची जाळी ठेवायची शेड होती. ती त्यांना हवी होती.

माझा नवरा अंतोन फाटलं जाळं सांधत बसला होता. सर म्हणाले, "आम्हाला इथे समुद्रातून वीज काढायची आहे."

अंतोनने मान वर केली नाही. म्हणाला, "काढा. पन हलू काढा. मासं बिचकतात!"

* * *

मशीन तसं समजायला सोपं होतं. पाण्यावर पिंपाएवढा बोया. लाट आली की वर, गेली की खाली. बोयाला दांडा, दांड्याला चाक, चाकाला डायनॅमो, आणि तिथून वायर थेट शेडमधल्या एका दिव्याला. पण लाट काय सारखी येते का? बोया उचलला की दिवा पेटायचा, मध्येच विझायचा. दिवसभर नुसती मिचमिच!

ती मिचमिच थांबवणं हे नीलाचं काम. तिची तीन वर्षं त्यात गेली होती. वरच्या ऑफिसने सांगून ठेवलं होतं, पावसाळ्याआधी आमचे साहेब येतील, दिवा पाच मिनिटं न विझता जळताना दाखवा. नाही दाखवला तर काम बंद, मशीन भंगारात, आणि नीलाने दुसरा विषय घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायची.

मी भाकरी वाढता वाढता विचारलं, "पोरी, आणि नाहीच जमलं तर?"

ती म्हणाली, "मावशी, हा प्रश्न पुढच्या वर्षी विचारा. ह्या वर्षी मला वेळ नाही!"

* * *

आल्या आल्या त्यांनी लाट मोजायला एक खांब रोवला. लाल-पांढरे पट्टे, त्यावर आकडे. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून दोघांनी अर्धा दिवस घालवला. पट्टे इतके सरळ की मला फार आवडला तो खांब.

मी विचारलं, "सर, आज तिथ कोणती?"

सर हसले. "मावशी, तुम्ही तर ख्रिस्ती. तुम्हाला तिथ कशाला?"

"रविवारी मिस्साला आम्ही जातो, सर. समुद्र जात नाही. तो पंचांगच पाळतो."

त्या दिवशी होती अष्टमी. अष्टमीला भांग असतो, भरती आली तरी अर्ध्यावरच दमते. मग अमावस्या आली, उधाण आलं. दुपारी सर आणि नीला वही उघडून धक्क्यावर उभे. समोर पाणीच पाणी. खांब कुठे?

खांब जागच्या जागीच होता. फक्त त्याच्या डोक्यावरून हातभर पाणी चाललं होतं!

सर भरती-ओहोटीचा छापील तक्ता उलटसुलट करत म्हणाले, "पण तक्त्यात तर हे पाणी दिलेलंच आहे. मी पान चुकलो की काय?"

अंतोन म्हणाला, "सर, पान चुकला तरी चालंल. दिवस चुकू नका."

नीलाने दुसऱ्या ओहोटीला दुप्पट उंचीचा खांब आणला आणि एकटीने रोवला. त्या दिवसापासून तिच्या वहीत तारखेच्या शेजारी तिथ असायची. ती लिहायच्या आधी मला विचारायची, बरं का. मला लिहिता येत नाही, पण वहीत मी होते!

* * *

मग एका सकाळी बोयाच गेला.

रात्रीच्या लाटांनी दोर तुटला होता. नवाकोरा, पिवळाधम्मक बोया. सर डोकं धरून बसले. दुपारी बातमी आली, बोया पलीकडच्या पाड्यातल्या पेद्रूच्या जाळ्याला लागलाय आणि मजेत डुलतोय!

आमच्याकडे रीत अशी, की प्रत्येक घराच्या बोयावर त्या घराची खूण असते. कोणाच्या दोन रेघा, कोणाचं टिंब, कोणाचा मासा. खुणेचा बोया वाहत आला तर ज्याचा त्याला नेऊन द्यायचा. बिनखुणेचा बोया मात्र ज्याला सापडेल त्याचा.

सर सरकारी कागद घेऊन पेद्रूकडे गेले. पेद्रूने कागद नीट दोन्ही बाजूंनी बघितला.

"ह्याच्यावर शिक्का हाय?"

"आहे की! हा बघा."

"मंग कागद तुमचा. बोयावर कुटं हाय?"

सर वाद घालत राहिले. नीला मात्र सरळ आमच्या घरी आली. माझ्याकडून आमच्या घराची खूण विचारून घेतली, दोन रेघा आणि मध्ये क्रूस. रंगाचा डबा घेऊन परत पेद्रूकडे गेली आणि त्याच्याच अंगणात, त्याच्या डोळ्यांदेखत, बोयावर खूण काढली. मी मनात म्हटलं, आता पेटतं भांडण!

पेद्रूने रंग वाळेपर्यंत वाट बघितली. मग बोया स्वतःच्या होडीत घातला, वल्हवत आमच्या धक्क्यावर आणून दिला आणि सरांवर डोळे वटारले.

"अंतोनचा बोया हाय तर आधी सांगायचा ना! मी काय चोर हाय?"

* * *

आता हा किस्सा माझाच आहे, तेव्हा लवकर उरकते.

एका रविवारी मिस्सा संपल्यावर फादर सूचना सांगायला उभे राहिले. ठरलेल्या लग्नांच्या चिठ्ठ्या वाचून झाल्या, सणाची मीटिंग झाली. मग चष्मा काढून म्हणाले, "आणि धक्क्यावरच्या मशीनची जी वायर आहे, तिच्यावर कृपया कोणी बोंबील वाळत घालू नयेत."

नाव घेतलं नाही हो त्यांनी. पण सगळं चर्च वळून माझ्याकडेच बघायला लागलं!

* * *

दांडा तुटला तो होळीच्या सुमारास. वेल्डिंगवाला माणिकपूरला. आठ फुटी लोखंडी दांडा, सर मुंबईला गेलेले, आणि नीलाला थांबायची सवय नाही. अंतोनने आणि मी तो एसटीत चढवून दिला. मीही बरोबर निघाले, पोरीला एकटीला कसं सोडायचं?

कंडक्टर आला. सीटखालून निघून दारापर्यंत पोचलेला दांडा त्याने बघितला.

"हे काय आहे?"

नीला म्हणाली, "मशीनचा हात आहे. तुटलाय."

"तिकीट?"

"हाताचं तिकीट?"

"हाफ दिलं असतं," कंडक्टर दांड्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "पण हा बारा वर्षांखालचा दिसत नाही!"

सगळी एसटी हसली. नीलाने फुल तिकीट काढलं. आणि निर्मळच्या स्टॉपवर एक केळीवाली टोपली घेऊन चढली, दांड्यावर पाय देऊन उभी राहिली, तेव्हा ही काडीएवढी पोर तिला म्हणाली, "ओ मावशी, पाय काढा. त्याचं तिकीट काढलंय!"

* * *

खरा घोळ ब्रेकचा होता.

सरांची युक्ती अशी. बोया लाटेवर वर गेला की तिथेच ब्रेक लावून धरून ठेवायचा. लाट खालून निघून जाते, बोया हवेत टांगलेला. मग योग्य वेळी सोडला की असा जोरात पडतो की जड चाक गरगर फिरतं आणि दिवा तग धरतो. धरायचं आणि सोडायचं, एवढंच. पण सोडायचं कधी? लवकर सोडला तर जोर नाही. उशीर झाला तर पुढची लाट खालून धडकते आणि चाकच अडतं.

नीला गळ्यात स्टॉपवॉच अडकवून ब्रेकचा दांडा हातात धरून बसायची. सर आकडे ओरडायचे. पंधरा दिवस झाले, दिव्याची मिचमिच तशीच. तिच्या तळहातांना फोड आले, फुटले, त्यांच्या जागी नवे आले. मी माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या तिच्या हातांना बांधत होते.

बांधता बांधता विचारलं, "बाय, सोडताना तू बघतेस कुठे?"

"बोयाकडे."

"म्हणून चुकतेस. बोया झालेलं सांगतो. येणारं तिकडे आहे." मी बाहेर, खोल पाण्याकडे बोट दाखवलं. "आमची माणसं होडी पाण्यात लोटतात ते बघितलंस? चौघे होडी धरून उभे असतात. होडी ओढ घेते, पण होडीकडे एकहीजण बघत नाही. सगळ्यांचे डोळे बाहेर. बाहेरची लाट बघून एकजण 'हां!' म्हणतो, आणि मगच सोडतात."

सर वही काढून लिहायलाच लागले. म्हणाले, "मावशी, विलायतेतले शास्त्रज्ञ हेच म्हणतात! येणारी लाट आधी कळली पाहिजे. ती ओळखायची कशी, हे विचारून मी दोन महिने त्यांच्या पत्राची वाट बघतोय."

मी म्हटलं, "एवढ्या लांब कशाला विचारलंत? मी इथेच बसले होते!"

मग त्यांनी बाहेर खोल पाण्यात एक छोटा बोया सोडला, त्यावर बांबू, बांबूला लाल फडकं. फडकं उचललं की अंतोन "हां!" म्हणणार, नीला पुटपुटत मोजणार आणि ब्रेक सोडणार. मोठ्या लाटेला मोजणं वेगळं, छोटीला वेगळं. महिनाभर एकही भरती तिने चुकवली नाही. दिवा दोन मिनिटं जळायला लागला. मग तीन. तीनच्या पुढे काही केल्या जाईना, आणि साहेबांचा दिवस उजाडला.

* * *

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारची उधाणाची भरती. मे महिना. दिवा नीट दिसावा म्हणून शेडच्या खिडक्यांना गोणपाटं लावलेली, आत नुसती भट्टी. म्हणून अंतोनने घरचा टेबलफॅन आणून शेडच्या प्लगला लावला आणि साहेबांच्या तोंडासमोर ठेवला. साहेब खुर्चीत, त्यांचा क्लार्क घड्याळ घेऊन उभा, देवधर सर भिंतीला टेकलेले, मी सरबताचा ट्रे घेऊन. नीला आणि अंतोन बाहेर धक्क्यावर.

अंतोनचं "हां!" ऐकू आलं. खट्! ब्रेक सुटला. दिवा लागला.

एक मिनिट. दोन. तीन झाली. दिवा जळतोच आहे. साडेतीन. चार. मिचमिच नाही की काही नाही.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "देवधर, हा दिवा लुकलुकत का नाही?"

"सर, तेच तर काम आहे."

"लाटेचा दिवा असता तर लुकलुकला असता. हा गावच्या लायनीवर आहे. हा पंखा चालतोय, त्याच प्लगवर!" आणि क्लार्कला म्हणाले, "ती वायर शोधा."

सर भिंतीपासून दोन पावलं पुढे आले. क्लार्क खाली बसून हाताने वायर चाचपायला लागला. मला राहवेना. "साहेब, दिवा लुकलुकू नये म्हणून पोरीने तीन वर्षं जीव काढला. आता लुकलुकत नाही म्हणून खोटा?"

"बाई, तुम्ही सरबत द्या."

मी सरबत दिलं. साहेबांनी ग्लास तोंडाला लावला, आणि पंख्याचा आवाज उतरला. घर्र, घर्र, घर्र... पातं थांबलं. शेजारच्या घरातला रेडिओ गाणं म्हणता म्हणता मध्येच गप्प झाला. गल्लीतून कोणीतरी ओरडलं, "गेली रे लाईट!"

दिवा जळत होता.

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. दिव्याकडे बघितलं. परत पंख्याकडे बघितलं. क्लार्क वायर हातात घेऊन तसाच उकिडवा. बाहेरून अंतोनचं "हां!" आणि ब्रेकचा खट्, "हां!" आणि खट्. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती, पण जाऊन नीलाला थांब म्हणायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही.

साहेबांनी रुमाल काढून मानेचा घाम पुसला आणि सरांवर खेकसले, "अहो, बघताय काय? पंखा ह्या वायरीला जोडा की!"